बिनरक्ताची दाढ

नेवाशाच्या आठवडे बाजारात दात काढणारी माणसं दोन. एक पुंजाराम. हा मूळचा बैलांना पत्र्या ठोकणारा. बैलाच्या पायांत दोर अडकवून त्याला आडवा पाडायचा, गड्यांनी त्याच्या अंगावर बसायचं आणि खुरांत खिळे ठोकायचे, हा त्याचा धंदा. माणूस आला तरी रीत तीच, फक्त दोर नाही. दुखणाईताला ऐरणीशेजारी उताणा पाडायचा, छाताडावर एक, पायांवर दोन आणि डोकं पुंजारामच्या गुडघ्यांत. खुरातला खिळा उपटणारी सांडशीच तोंडात जायची. मध्ये ती धुवायची असते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणाऱ्याचेही दात त्यानं शाबूत ठेवले नसते. लोकांना त्याचं काम आवडायचं. ओरडणं, शिव्या, लाथा, भळाभळा रक्त. पैसे देऊन काही झाल्यासारखं वाटायचं.

दुसरा यशया. वेशीबाहेरच्या ख्रिस्तवस्तीतला. त्याचा बाप मेलेली जनावरं ओढायचा. बाप्तिस्मा झाल्यावर देव बदलला, पण गावात बैल मेला की हाक त्यालाच. यशयाला ती हाक सोसली नाही. लढाई लागली तशी त्यानं फौज गाठली आणि दातांच्या डॉक्टरच्या हाताखाली लागला. आधी हत्यारं उकळायची, मग जबडे धरायचे, मग गोऱ्या कॅप्टनला कामाचा ढीग उरकेना तेव्हा स्वतः सुई टोचायची आणि दाढ काढायची. शेहेचाळीसच्या साली तो परत आला तेव्हा त्याच्याकडं एक ट्रंक होती, एक घडीची लाकडी खुर्ची होती आणि एक तापट डोकं होतं. डोकं इथूनच नेलेलं. फौजेनं त्याला फक्त धार लावली.

यशयाच्या ट्रंकेत औषधं दोन. एक बधिरीचं. ते टोचलं की जबडा दगड व्हायचा. पण नुसतं टोचलं तर रक्त त्याला लगेच वाहून न्यायचं आणि दाढ अर्धी उपटलेली असताना दगडाचा पुन्हा जबडा व्हायचा. म्हणून दुसरी लहान बाटली, अॅड्रेनलिनची. तिचा थेंब बधिरीत मिसळला की तिथल्या रक्तवाहिन्या आकसायच्या, औषध जागेवर राहायचं आणि रक्त कमी पडायचं. यशया तिला ‘आवळ थेंब’ म्हणायचा.

कॅप्टननं त्याला बजावलं होतं, “थेंब मोजके. सुई रुतली की आधी दट्ट्या मागं ओढ. पिचकारीत लाल धूर आला तर सुई रक्तवाहिनीत आहे, काढ बाहेर. आणि औषध सावकाश सोड. हिरडीतला थेंब हिरडीत राहील तोवर गुण. तोच रक्तातून काळजात गेला तर ते चाबूक खाल्लेल्या घोड्यासारखं उधळेल.”

यशयानं फौजेत असेपर्यंत हे पाळलं. नेवाशात आला आणि बाजाराला भुलला. त्याच्या खुर्चीतला माणूस ओरडत नाही, रक्त ओकत नाही, हे बघायला गर्दी जमू लागली. काही जण म्हणायचे, किरिस्तावानं रक्त शोषलं. यशयाला त्याची मजा वाटायची. तो उपटलेली दाढ वर धरून ओरडायचा, “बगा रं, थेंब पडला का? न्हाई पडला. पलीकडं हजामती चाल्ल्यात बैलांच्या, तिकडं बगा रक्त.” आणि पुंजाराम ऐरणीवर हातोडा आपटायचा.

मग ‘न्हाई पडला’ हे खरं ठरवण्यासाठी यशया बधिरीत एका थेंबाला दोन, दोनाला चार असं वाढवत गेला. हिरडी दह्यासारखी पांढरी पडेपर्यंत. तरण्याताठ्या शेतकऱ्यांनी ते पचवलं. एखाद्याला धडधडायचं, घाम यायचा, यशया पाणी पाजायचा. घोडं अजून उधळलं नव्हतं, एवढंच.

ते उधळलं आसारामच्या छातीत. हा तालमीतला गडी, मानेवर नांगर घेऊन चालणारा. पुंजारामच्या दुखणाईतांच्या छाताडावर बसायचं काम त्याचंच, पण स्वतःची दाढ ठणकली तेव्हा तो गुपचूप यशयाच्या खुर्चीत येऊन बसला. त्याला बघून सगळ्यात कोण खूष झाला असेल तर यशया. त्यानं गर्दी जवळ बोलावली, बाटली जास्तच वाकडी केली आणि बोलता बोलता जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात सुई घातली. दट्ट्या मागं ओढला नाही. डोळे लोकांकडं, तोंड लोकांकडं. अंगठ्यानं सगळं एका दमात आत ढकललं.

आसारामचे ओठ पांढरे पडले. मानेवरची शीर दोरासारखी उडू लागली. “छातीत कोन शिरलंय,” एवढं तो बोलला, आणि खुर्चीसकट मातीत आडवा झाला. हातपाय थडथडा कापायला लागले.

“मेला,” पुंजाराम म्हणाला. वाट बघत असल्यासारखा.

पहिली लाथ छगननं घातली. छगन म्हणजे नदीकाठच्या मळ्याचा धनी, पुंजारामचा दोस्त, आणि ख्रिस्तवस्तीतला माणूस पायांत बूट घालून बाजारात फिरतो हे ज्यांच्या पोटात दुखायचं त्यांतला पहिला. लाथ पोटात बसली. यशया वाकला तसा कोणीतरी त्याच्याच खुर्चीचा पाय मोडून पाठीत घातला. मग मोजदाद राहिली नाही. जोडे, काठ्या, वजनकाट्याचं माप. बायकांनी मिरच्यांच्या पाट्या उचलून घेतल्या, म्हणजे मारायला जागा झाली.

“याचा हात आना हिकडं,” छगन म्हणाला. दोघांनी यशयाचा उजवा हात ऐरणीवर दाबून धरला. यशया शिव्या देत होता. त्यानं दया मागितली नाही, हे छगनला जास्त लागलं. त्यानं पुंजारामचा हातोडा घेतला आणि अंगठ्याशेजारच्या दोन बोटांवर घातला.

इकडं आसाराम उठून बसला होता. अंगात शिरलेलं औषध जसं चढलं तसं उतरलंही. तोंडातली माती थुंकत त्यानं शेजारच्याला विचारलं, “कुनाला मारत्यात?”

“तुला ज्यानं मारलं त्याला.”

मग आसारामही गेला आणि त्यानंही दोन लाथा घातल्या. कोणी त्याच्याकडं मान वळवली नाही. मेलेला माणूस आपल्या मरणाचा सूड घेत होता आणि अख्ख्या बाजाराला ते दिसेना.

दिसलं एका बाईला. रंगुबाई, छगनची आई. वांग्यांची पाटी घेऊन बसली होती. ती उठली, धापा टाकत गर्दीत शिरली आणि तिनं आसारामचा कान धरून त्याला छगनपुढं उभा केला. “हा बग तुझा मुडदा. याच्यापायी दुसरा पाडतोस व्हय रं, भाड्या?”

मार थांबला. लोक ओशाळले नाहीत. काम संपल्यासारखे पांगले. रंगुबाईला मात्र तेवढं चालणंही सोसलं नव्हतं. ती यशयाच्या तोंडासमोरच मातीत फतकल घालून बसली. त्याचा एक डोळा मिटलेला होता. उघड्या डोळ्यापुढं तिचे पाय होते. सुजलेले, चकचकीत. जोडवी मांसात रुतलेली. घोट्याशी पैंजणाचा वळ तसाच खोल राहिला होता. यशयानं तसले पाय फौजेच्या दवाखान्यात पाहिले होते. पडल्या पडल्या, रक्त गिळत, त्याला कळलं की या बाईचं काळीज थकलंय.

* * *

बोटं जुळली, पण वाकडी. यशयानं ट्रंकेला कुलूप घातलं आणि सडकेवर खडी फोडायला जाऊ लागला. हातोडी डाव्या हातानं. त्याची बायको दया मात्र हत्यारं काढून उकळायची, पुसायची, परत ठेवायची.

“कशाला?” तो खेकसायचा.

“गंजतील.”

“गंजू दे.”

“तुमचं तुमी गंजा. हत्यारं माज्या ताब्यात हायेत.”

पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, छगन त्यांच्या दारात उभा राहिला. वस्तीत पहिल्यांदाच. हातात उसाचा कोयता. दया चुलीपुढून उठली आणि यशयाच्या पुढं येऊन थांबली.

“आईची दाढ हाय,” छगन म्हणाला. “चल.”

“पुंजाराम मेला का?”

छगन एकेक शब्द उपटून काढावा तसा बोलला. आईचा गाल फुगून डोळा झाकला होता. पू झालेला. पाणी गिळता येईना. सकाळी पुंजाराम आला, तिला आडवी पाडली, छगननं स्वतः खांदे दाबले. सांडशी लागताच ती अशी किंचाळली की ओसरीवरची कबुतरं उडाली. दाढेचं टोक मोडून हातात आलं, मुळं आतच राहिली. आणि मग तिचं तोंड निळं पडलं, श्वास अडकला. पुंजाराम सांडशी टाकून पळाला. जाताना म्हणाला, बाई जाते आता, माझ्या अंगावर नको.

“नगरला न्या.”

“गाडीत घातली तर जाईल. ती म्हनली, यशयाला आन.” छगननं कोयता दुसऱ्या हातात घेतला. “आला न्हाईस तर हितं कापीन. आलास आन ती गेली, तर तिथं.”

“जाऊ नका,” दया हळूच म्हणाली. “मेली तर वस्ती जाळतील. बोटांवर भागनार न्हाई आता.”

यशयाला ते ठाऊक होतं. पण डोळ्यांपुढं ते पाय होते. बाजारभर माणसांत एकटीला डोळे असलेली बाई. त्यानं कुलूप काढलं. उघडलेली बाटली तांबूस झाली होती. जुनं अॅड्रेनलिन तसं होतं आणि कामातून जातं. ती त्यानं उकिरड्यावर भिरकावली. एक सीलबंद होती, उन्हाकडं धरून पाहिली. पाण्यासारखी स्वच्छ.

“दया, तू बी चल. माज्या बोटांनी दट्ट्या मागं येत न्हाई.”

रंगुबाई ओसरीवर तशीच आडवी होती, जशी पुंजारामनं टाकली तशी. ओठ जांभळे. यशयानं ट्रंक खाली ठेवायच्या आधी तिला उचलून भिंतीशी बसवलं, पाठीला गोधड्यांची वळकटी लावली. पाय खाली सोडले. जरा वेळानं श्वास मोकळा झाला.

“आलास का लेकरा,” ती सुजलेल्या तोंडातून म्हणाली. “ह्यानं लई हिसके दिले. माजं काळीज उडून पडंल.”

यशयानं तिचं मनगट धरलं. नाडी धावत होती, मध्येच अडखळत होती. अंगणात माणसं जमली होती. बाजारातलीच, तीच.

त्यानं पिचकारी भरली आणि लहान बाटली काढली. छगन पुढं आला. “ही न्हाई टाकायची. हिनंच आसारामला पाडला.”

“आसारामला मस्तीनं पाडला, माज्या. बाटलीला त्यातलं काई कळत न्हाई.” यशया वर न बघता बोलत होता. “ही न्हाई टाकली तर बधिरी अर्ध्यात उतरंल. मुळं खोल हायेत, येळ लागंल. सकाळी सांडशी लागली तवा काय झालं बगितलंस ना? कळ लागली की मानसाच्या अंगात हेच औषध आपोआप सुटतंय, आन ते बाटलीपरीस कितीतरी जास्त. सकाळी तू आन पुंजारामनं मिळून हिला तेच टोचलं. बिनसुईचं.”

“तू मला शिकवतो व्हय?”

“शिकवतो.”

कोयता वर आला.  यशयाचं डोकं भडकलं. पूर्वीचा यशया असता तर त्यानं गळा पुढं करून ‘घाल’ म्हटलं असतं. पण बोटांखाली रंगुबाईची नाडी होती, आणि कोयता वर आला तशी ती उसळली होती. त्यानं तोंडातली शिवी गिळली. आवाज खाली आणला.

“कोयता गोठ्यात ठेवून ये. माज्यासाठी न्हाई. तो बगून हिच्या छातीत काय सुटतंय ते मला हितं बोटाला लागतंय.”

छगन हलला नाही.

“ठेव रं,” रंगुबाई म्हणाली. “आन यशया, टाक तुझं काय टाकायचं ते.”

छगन गेला आणि रिकाम्या हातानं आला.

बाजारात जेवढं ओतलं जायचं त्याच्या पासंगालाही पुरणार नाही एवढंच यशयानं बधिरीत मिसळलं. पुवाच्या गळवात सुई घालण्यात अर्थ नव्हता. औषध तिथं लागलं नसतं. मागं, जबड्याच्या कोपऱ्यातच घालायला हवी होती. तीच जागा, आसारामची. रंगुबाईचा जबडा पुरता उघडत नव्हता. बोट शिरेल एवढ्या फटीतून त्यानं सुई आत नेली आणि हात थांबवला.

“वड.”

दयानं दट्ट्या मागं ओढला. पिचकारीत लाल धूर तरंगत आला.

छगनला तो दिसला. त्याला त्याचा अर्थ कळला नाही, पण यशयाच्या कपाळावरचा घाम कळला. “काय झालं?”

“काई न्हाई. गप उभा राहा.” यशयानं सुई काढली, लाल झालेलं औषध जमिनीवर सोडलं, पिचकारी पुन्हा भरली. तोच बाजारचा दिवस असता तर हे सगळं आता या बाईच्या काळजात असतं. पुन्हा सुई घातली, जरा आडवी. “वड.”

काही आलं नाही. स्वच्छ.

मग त्यानं औषध सोडलं. इतकं सावकाश की अंगणात एक म्हातारा म्हणाला, “झोपला का काय?”  दयानं रंगुबाईचं मनगट धरलं होतं. ती नवऱ्याकडं बघून मान हलवायची: ठीक चाललंय. नाडी थोडी वाढली, थोडी थांबली, खाली आली. ओठ जड झाला. यशयानं थांबवलं सगळ्यांना. छगन दोनदा म्हणाला, “काढ ना आता,” आणि दोनदा आईनं हात वर केला.

पक्कड डाव्या हातात. खडी फोडून त्या हातात जोर आला होता, तो आता उपयोगी पडला. मोडलेल्या दाढेची मुळं धरायला काही नव्हतं. त्यानं हिरडी बाजूला केली, बारीक हत्यारानं मुळाशेजारी घुसला, हाड करकरलं. अंगणातल्या बायकांनी तोंडावर पदर घेतले. रंगुबाई छपराकडं बघत होती. एक मूळ आलं. दुसरं आलं, सोबत पुवाची धार, घाण वासाची, यशयाच्या सदऱ्यावर. आणि मग रक्त. बाजारात कधी दिसलं नव्हतं तेवढं.

“रक्त आलं,” अंगणात कोणीतरी समाधानानं म्हणालं.

“येनारच,” यशया म्हणाला. “जित्या मानसाचं हाय.”

फडक्याची घट्ट घडी करून त्यानं ती खड्ड्यावर दाबली आणि रंगुबाईला चावून धरायला लावली. सकाळपासून मिणमिणणारी तिची नजर पहिल्यांदा त्याच्यावर ठरली. नाडी अडखळत होती, पण चालत होती. आपल्या रोजच्या चालीनं. तिनं डोळे मिटले. बसल्या बसल्याच तिला झोप लागली. अंगणातली माणसं निघून गेली. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

यशयानं पक्कड धुतली नाही. ती हातात धरून तो गोठ्याकडं गेला आणि छगनला खुणेनं बोलावलं.

छगन आला. बैल रवंथ करत होते, कोयता खुंटीवर टांगलेला होता. छगनचा हात खिशाकडं चालला होता. यशयाला ते नको होतं.

“मघाशी ती भ्याली असती म्हनून थांबलो,” यशया म्हणाला, आणि डाव्या हातातली पक्कड त्यानं छगनच्या तोंडावर घातली.

पुढचा दात मुळाशी मोडला. ओठ फाटला. छगन गव्हाणीवर कोसळला, उठला, रक्तानं भरलेलं तोंड उघडलं.

“वरडू नको,” यशया हलक्या आवाजात म्हणाला. “दचकंल ती. आज दिवसभर दचकून चालनार न्हाई तिला.”

छगननं खुंटीकडं पाहिलं. कोयता हाताशी होता. मधल्या भिंतीपलीकडून आईच्या श्वासाची घरघर येत होती. एक किंकाळी, एक धडपड, आणि ती घरघर थांबली असती. त्यानं तोंडात मूठ कोंबली. डोळ्यांतून पाणी आलं, आवाज आला नाही. तो जागचा हलला नाही, आणि यशया त्याच्याकडं पाठ करून निघून गेला. दया ट्रंक घेऊन दारात थांबली होती. तिनं पक्कडीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. “आता ही परत उकळा,” म्हणाली. ट्रंक त्याच्या हातात देऊन ती पुढं चालू लागली.

वस्ती त्या रात्री जागीच होती, काठ्या घेऊन. कोणी आलं नाही. कसं येणार? दात कोणी पाडला हे सांगायचं तर आपल्याच गोठ्यात, आपल्याच कोयत्याखाली, वेशीबाहेरच्या माणसाचा मार खाल्ला हे सांगावं लागलं असतं. छगननं गावभर सांगितलं, बैलानं शिंग मारलं. लोकांनी त्या गरीब जनावराला मारका ठरवून टाकलं, पोरं त्याच्या वाऱ्याला उभी राहीनात.

यशया पुन्हा बाजारात बसू लागला. नवी खुर्ची वस्तीतल्या सुतारानं केली, बसक्या पायांची, कोणाला सहज मोडता येऊ नये अशी. दाढ वर धरून ओरडणं बंद झालं. तापटपणा मात्र गेला नाही. औषध सोडताना कोणी ‘लवकर’ म्हटलं तर तो सुई काढायचा आणि “जा पुंजारामकडं” म्हणायचा. दट्ट्या दया ओढायची. सुजलेले पाय दिसले की आधी बसवून श्वास बघायचा, मग बाटली.

रंगुबाई आणखी काही वर्षं जगली. वांग्यांची पाटी त्याच्या खुर्चीजवळ मांडायची.

आणि एके दिवशी छगन आला. मोडलेल्या दाताचं मूळ आतच राहिलं होतं, ते पिकलं होतं. ओठ सुजून नाकाला लागलेला. गर्दीकडं न बघता तो खुर्चीत बसला. यशयानं त्याला वरून खालून पाहिलं.

“मारका बैल इकला का?”

“न्हाई,” छगन म्हणाला. “ठेवलाय.”

“कळ सोसनार का सुई?”

छगननं खुर्चीचे हात घट्ट धरले. “सुई.”

यशयानं सुई घातली आणि हात थांबवला. बाजार बघत होता. त्यानं दयाकडं मान वळवली.

“वड.”

दयानं दट्ट्या मागं ओढला. दोघांनी पिचकारीत निरखून पाहिलं. लाल काही आलं नाही. मग यशयानं औषध सोडायला सुरुवात केली, जेवढं रंगुबाईला सावकाश सोडलं होतं, तेवढंच सावकाश.